कार्बनची पट्टी आणि काँक्रीटची कातडी

तुळईवर वजन आलं की ती किंचित वाकते. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीटला दाब सहज सोसतो, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून तळाशी सळ्या घालतात. पण पुढे भार वाढला किंवा सळ्या गंजून बारीक झाल्या, तर? ओतून झालेल्या तुळईत नवी सळई कुठून घालणार?

ती बाहेरून चिकटवायची. आधी पोलादी पत्रे चिकटवत; ते जड, शिवाय गंजणारे. स्वित्झर्लंडच्या एम्पा या साहित्य-संशोधन संस्थेत उर्स मायर यांनी त्याऐवजी कार्बन फायबरच्या पट्ट्या वापरून पाहिल्या. ल्युसर्नजवळच्या इबाख पुलात सिग्नल बसवण्यासाठी भोक पाडताना आतल्या ताणलेल्या केबलच्या काही तारा तुटल्या होत्या. १९९१ साली तो पूल दुरुस्त झाला तेव्हा १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलो पट्ट्यांनी केलं.

या पट्टीची ताणशक्ती नेहमीच्या सळईच्या पाचपट किंवा त्याहून जास्त असते. हा आकडा ऐकून माणूस हुरळतो, पण प्रत्यक्षात ती बहुधा पूर्ण वापरलीच जात नाही. पट्टी तुटायच्या कितीतरी आधी सुटते, आणि सुटताना काँक्रीटचा पातळ पापुद्रा सोबत घेऊन येते. म्हणजे पट्टी चिकटवणारा गोंद, इपॉक्सी, टिकतो, पट्टी टिकते, फाटते ती काँक्रीटची कातडी!

म्हणूनच खरी मेहनत पट्टी लावण्याआधीची. पृष्ठभाग घासून सुटी पूड काढायची, खड्डे भरायचे, गंजलेल्या सळ्यांचा आधी बंदोबस्त करायचा. नाहीतर आत गंज फुगत राहतो आणि पट्टीसकट काँक्रीट सोलून काढतो. पृष्ठभागावर धातूची चकती चिकटवून ती ओढून पाहतात. दर चौरस सेंटीमीटरला निदान १४ किलोची ओढ सहन झाली पाहिजे. शेवटी पट्टीवर हलकेच ठोकत जायचं. आवाज पोकळ आला, की तिथे हवा अडकली आहे. साधी युक्ती, पण कामाची.

सळई तुटण्याआधी लांबते, तडे रुंदावतात, सूचना मिळते. पट्टी अशी सूचना देत नाही, एकदम सुटते. तिची टोकं इंग्रजी ‘यू’ आकाराच्या कापडी पट्ट्यांनी तुळईला आवळतात ती त्यासाठीच.

आगीपुढे मात्र इपॉक्सीचं काही चालत नाही; नेहमीचं इपॉक्सी ६० ते ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. त्यामुळे पट्टी गळून पडली तरी रोजचा भार पेलेल, इतका जीव मूळ तुळईत असावा लागतो. तो नसेल, तर हा उपाय तिच्यासाठी नाही.