प्लेटवरचा आकडा आणि मुठीतलं वजन

घरी केबल मशीन, म्हणजे लोखंडी प्लेटची चळत कप्पीवरच्या केबलने ओढायचं व्यायामाचं यंत्र, आलं त्या संध्याकाळी मी ४० किलोवर पिन लावली आणि हँडल ओढलं. ते इतकं हलकं आलं की पिन चुकीच्या भोकात गेली की काय म्हणून मी वाकून पाहिलं. पिन बरोबर होती. ४० किलोच्या लोखंडी प्लेट वर जात होत्या आणि हाताला जेमतेम २० किलो लागत होते. जिममध्ये त्याच आकड्यावर माझा घाम निघायचा.

यात फसवणूक काहीच नाही, शाळेत शिकलेली कप्पी आहे. विहिरीवरची कप्पी जागच्या जागी फिरते. ती फक्त दिशा बदलते, म्हणजे खाली ओढलं की घागर वर येते. वजन तेवढंच लागतं. पण कप्पी भाराबरोबर वरखाली जाणारी असली, तर भार दोरीच्या दोन पदरांत वाटला जातो आणि हाताला निम्माच येतो. बदल्यात दोरी मात्र दुप्पट ओढावी लागते. घरगुती केबल मशीनमध्ये बहुधा हीच २:१ची रचना असते. जिममधल्या लॅट पुलडाउनला, म्हणजे वरचा दांडा छातीकडे ओढायच्या मशीनला, बरेचदा १:१ असते. त्यामुळे ‘१०० किलोचा स्टॅक’ (प्लेटची चळत) एवढं वाचून मशीन पसंत करू नका. २:१ असेल तर तुमच्या मुठीत जास्तीत जास्त ५० किलोच येणार आहेत.

प्रमाण ओळखायला माहितीपत्रकही लागत नाही. हँडल बरोबर एक मीटर ओढा आणि प्लेट किती वर गेल्या ते मोजपट्टीने पाहा. एक मीटर गेल्या तर १:१, अर्धा मीटर गेल्या तर २:१.

मग निम्मं वजन देणारं मशीन वाईट का? माझ्या मते घरासाठी तेच चांगलं, आणि त्याचं कारण जडत्वात आहे. १:१ मशीनवर २५ किलो लावून हँडलला हिसका दिला, तर पूर्ण २५ किलोचं वस्तुमान हाताच्याच वेगाने पळवावं लागतं. २:१ मशीनवर तेवढाच भार हवा असेल तर ५० किलो लावायचे. आता हाताच्या निम्म्याच वेगाने प्लेट हलतात आणि त्यांना वेग द्यायला लागणारा जोरही हातापर्यंत निम्मा होऊनच येतो. निम्म्याचा निम्मा, म्हणून हाताला जाणवणारं जडत्व अवघं साडेबारा किलोचं. स्थिर धरलं तर दोन्हीकडे २५ किलोच, पण झटकन केलेल्या हालचालीत २:१ची केबल ढिली पडत नाही की प्लेट उसळून आपटत नाहीत. दुसरा फायदा लहान वाढीचा. प्लेट ५ किलोची असली तरी मुठीतला भार अडीच किलोनेच वाढतो. खांद्याच्या बारीक स्नायूंसाठी ५ वरून थेट १० वर जाणं म्हणजे भार दुप्पट करणं, तेव्हा ही अडीच किलोची पायरी सोन्यासारखी.

पण घरात डंबेल असताना केबल हवीच कशाला? उत्तर दिशेत आहे. डंबेल फक्त खाली ओढतं, कारण गुरुत्वाकर्षण खालीच ओढतं. हात बाजूने वर उचलण्याचा व्यायाम घ्या. हात खाली लोंबत असताना डंबेलचा खांद्यावर फिरवणारा जोर जवळजवळ शून्य असतो. हात शरीरापासून ३० अंशांवर आला की पूर्ण जोराच्या निम्मा पडतो आणि जमिनीला समांतर झाला की पूर्ण. म्हणजे हालचालीचा पहिला टप्पा जवळपास फुकट जातो. आता केबलची कप्पी मनगटाच्या उंचीवर आणा, मशीनकडे दुसरी बाजू करून उभे राहा आणि हँडल लांबच्या हातात धरा. केबल आडवी ओढते, लोंबत्या हाताशी काटकोन करते आणि खांद्यावर सर्वांत जास्त जोर नेमका सुरुवातीलाच पडतो. कप्पी वरखाली करून जोर हालचालीच्या कोणत्या टप्प्यावर पडावा हे आपण ठरवू शकतो.

हाच प्रश्न व्यायामयंत्रं बनवणाऱ्या आर्थर जोन्स यांनी वेगळ्या वाटेने सोडवला होता. १९७० मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या नॉटिलस यंत्रात गोल कप्पीऐवजी शंखाच्या आकाराचं चाक होतं. त्याची त्रिज्या फिरताना बदलायची आणि तिच्याबरोबर भारही. मात्र असं एक यंत्र एकाच व्यायामाला उपयोगी पडतं. घरी एवढी जागा कुणाकडे असते? म्हणून खांबावर सरकणारी कप्पी आणि तिच्यासाठी जवळजवळ पाडलेली भोकं ही माझी पहिली अट. फक्त वर एक आणि खाली एक अशा पक्क्या कप्प्या असलेलं मशीन केबलचा निम्मा गुण वाया घालवतं.

दुसरी अट घर्षणाची. ती दुकानात कुणी सांगत नाही, पण मोजता येते. मी प्रवासाचं सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा हँडलच्या जागी अडकवला आणि ४० वर पिन ठेवून अगदी सावकाश ओढलं. काट्याने २३ दाखवले. तसंच सावकाश सोडत आलो, तर १७. मधला आकडा २० आणि दोन्हीकडचा ३ किलोचा फरक घर्षणाचा. ओढताना घर्षण आपल्याविरुद्ध असतं, सोडताना ते आपल्या बाजूने येऊन भार उचलून धरतं. यात खरं नुकसान आहे. स्नायू आखडताना पेलू शकतो त्यापेक्षा जास्त भार तो ताणला जाताना, म्हणजे वजन खाली सोडताना, पेलू शकतो. जिथे जास्त हवं तिथेच कमी मिळतं. प्लेट ज्यांवरून सरकतात ते गाइड रॉड कोरड्या फडक्याने पुसून मी सिलिकॉन स्प्रे मारला, आणि तोच काटा २१.५ आणि १८.५ दाखवू लागला. मशीन घेण्याआधी एवढं तरी पाहा: सगळ्यांत हलक्या भारावर हँडल हळूहळू सोडा. प्लेट मध्येच अडखळत असतील किंवा वरच लटकून राहत असतील, तर ते मशीन नको.

प्लेटऐवजी रबराचे पट्टे किंवा वाकणारे दांडे असलेली मशीनही मिळतात. रबर जितकं ताणावं तितकं जड होत जातं, त्यामुळे सुरुवातीला भार थोडा आणि शेवटी खूप. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातलं सुरुवातीचं व्यायामयंत्र रबरासारख्या लवचीक पदार्थावरच चालायचं आणि जास्तीत जास्त १३६ किलोपर्यंतचा भार द्यायचं. वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांची घनता दर महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का घटते, आणि तेवढा भार ती घट थांबवायला पुरेना. २००८ मध्ये तिथे नवं यंत्र गेलं. त्यात निर्वात नळकांडी सुमारे २७२ किलोपर्यंत भार देतात, आणि खऱ्या वजनाचं जडत्व हाताला जाणवावं म्हणून मुद्दाम फिरती चाकंही बसवली आहेत. नव्या यंत्रावर व्यायाम करून नीट खाणाऱ्या अंतराळवीरांची हाडं पूर्वीपेक्षा चांगली टिकली.

मोटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये प्लेटच नसतात. ती जागा कमी खातात, आणि सोडताना भार वाढवणंही त्यांना जमतं, जे लोखंडाला जमत नाही. पण सॉफ्टवेअर बंद पडलं की काही मशीन भिंतीवरची शोभा होऊन बसतात. मला तरी लोखंडाचा भरवसा वाटतो. पायांच्या बाबतीत मात्र केबलकडून फार अपेक्षा नको. मांड्या मोठा भार मागतात, त्याला बारबेलच बरी.

आता सुरक्षितता. समजा, मशीनचं सगळं मिळून वजन १०० किलो आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य पायाच्या पुढच्या कडेपासून अर्धा मीटर मागे आहे. त्याला उभं ठेवणारा जोर, म्हणजे किलोतलं वजन गुणिले मीटरमधलं अंतर, ५० झाला. तुम्ही कप्पी दोन मीटर उंचीवर नेऊन ३० किलो आडवे ओढले, तर उलथवणारा जोर ६० होतो. मशीन अंगावर येतं. म्हणून सुटं मशीन जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने पक्कं करा, आणि भिंतही पोकळ पॅनेलची नसावी.

केबलकडे महिन्यातून एकदा नीट पाहा. नायलॉनच्या आवरणाखाली पोलादाच्या बारीक तारा पिळलेल्या असतात. ७ गुणिले १९ रचनेच्या, म्हणजे १९ तारांचे ७ पेड असलेल्या, केबलमध्ये अशा १३३. प्रत्येक ओढीला त्या कप्पीवर वाकतात आणि सरळ होतात. कप्पी लहान असेल तर जास्त वाकतात आणि लवकर थकतात. तुटायला बहुतेक वेळा टोकापासून सुरुवात होते, जिथे हँडलजवळचा गोळा केबलला घट्ट दाबून बसवलेला असतो. मशीनवर भार नसताना ते टोक उजेडात धरून वाकवून पाहा. आवरणाला चीर गेली असेल, कुठे फुगवटा आला असेल किंवा एखादी तार केसासारखी बाहेर डोकावत असेल, तर त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवून आधी केबल बदला.