स्पॅम अडवताना न दिसणारी चूक

देवगड तालुक्यातील आंबा बागायतदारांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यांसमोर आणावा. मोहोर फुललेला आहे, फुलकिड्यांची धास्ती आहे, आणि अशा दिवसांत एकाच आठवड्यात दोन अनोळखी नंबर त्या ग्रुपात दाखल होतात. पहिला नंबर मुंबईतली नोकरी सोडून वडिलांची कलमे सांभाळायला गावी परतलेल्या तरुणाचा आहे. तो स्वतःची ओळख न देता मोहोराचा एक अस्पष्ट फोटो टाकतो, कुठल्याशा कीडनाशकाची लिंक जोडतो आणि ‘हे मारले तर चालेल का, लवकर सांगा’ एवढेच विचारतो. दुसरा नंबर ‘अनुदानाची अंतिम यादी’ अशा नावाची एक एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, टाकतो. ती फोनमध्ये बसवली की बँकेकडून येणारे ओटीपीसुद्धा परक्याच्या हाती पडू शकतात. पहिल्याची गरज खरी आहे आणि दुसरा भामटा आहे, परंतु ग्रुप सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनला वरवर पाहता दोघेही सारखेच दिसतात: नवा नंबर, फोटो नसलेले प्रोफाइल, पहिल्याच संदेशात उघडायला दिलेले काहीतरी आणि घाई.

स्पॅम, म्हणजे कोणी न मागता ढिगाने पाठवलेले संदेश, कसा ओळखायचा यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे, परंतु त्यातला खरा अवघड भाग स्पॅम पकडण्याचा नसून, तो पकडताना निर्दोष नवख्याला बाहेर न ढकलण्याचा आहे. कोकणात ही अडचण अधिक जाणवते, कारण येथे घराघरातले कोणी ना कोणी मुंबई-पुण्यात असते, गावाशी त्याचा संबंध फोनवरूनच टिकतो, आणि त्यामुळे अनोळखी नंबरावरून येणारा माणूस बहुतेक वेळा परका नसतोच.

स्पॅम इतका का येतो, हे आधी पाहिले पाहिजे. १९७८ च्या मे महिन्यात एका अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या, इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकाची जाहिरात एकाच वेळी पाठवली, आणि स्पॅमचा इतिहास सामान्यतः तेथून सुरू झाला असे मानले जाते. त्या काळी तो गैरशिस्तीचा प्रकार होता. पुढे संदेश पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आणि त्याचा धंदा झाला. हा धंदा कोणत्या गणितावर चालतो, हे २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी एका स्पॅम यंत्रणेत शिरून मोजले. औषधांच्या जाहिरातीचे सुमारे ३५ कोटी ईमेल पाठवले गेले आणि त्यांतून विक्रीपर्यंत पोहोचलेली प्रकरणे होती २८. एका गिऱ्हाइकामागे सव्वा कोटी संदेश झाले, असा त्याचा अर्थ होतो.

या एका आकड्यात उपायाची दिशाही दडलेली आहे. प्रत्येक संदेशामागे अगदी किरकोळ श्रम किंवा थोडा वेळ मोजावा लागला, तर सव्वा कोटी वेळा तो मोजणे स्पॅम पाठवणाऱ्याला परवडत नाही, आणि नवख्याला मात्र तो एकदाच मोजावा लागतो. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्येच अशी कल्पना मांडली होती की, ईमेल पाठवणाऱ्याच्या संगणकाने आधी एक लहानसे गणित सोडवावे आणि मगच संदेश पुढे जावा. पण किंमत नेमकी कोणावर पडते हे पाहावे लागते. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारे कॅप्चाचे कोडे आज यंत्रे सहज सोडवतात. अडतो तो वेंगुर्ल्याचा सत्तरीतला बागायतदार, ज्याला ती अक्षरे मोठ्या फोनवरही दिसत नाहीत.

आता फिल्टरकडे वळू. संदेशातील शब्द पाहून तो स्पॅम असण्याची शक्यता काढणाऱ्या फिल्टरांचा पाया थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धान्तात आहे. तो सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ईमेलमधील स्पॅम ओळखण्यासाठी त्याचा वापर १९९८ च्या सुमारास संशोधनात व २००२ नंतर सर्वत्र होऊ लागला. कल्पना सोपी आहे. पूर्वी आलेल्या स्पॅममध्ये आणि चांगल्या संदेशांत कोणता शब्द किती वेळा आला, यावरून प्रत्येक शब्दाला एक वजन मिळते, आणि नव्या संदेशातील सर्व वजने एकत्र करून निर्णय होतो. परंतु बेझच्या सिद्धान्तात आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेक जण विसरतात: मुळात स्पॅमचे प्रमाण किती आहे, यावर निर्णयाची विश्वासार्हता अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रुपात वर्षभरात नव्या सदस्यांकडून १००० पहिले संदेश आले आणि त्यांतील फक्त २० स्पॅम होते. फिल्टर चांगला आहे. १०० स्पॅमपैकी ९५ तो पकडतो, आणि १०० चांगल्या संदेशांपैकी ५ चुकून अडवतो. मग २० स्पॅमपैकी १९ पकडले जातील, आणि उरलेल्या ९८० चांगल्या संदेशांपैकी ४९ अडकतील. अडवलेले एकूण संदेश ६८, आणि त्यांतले ४९ निर्दोष, म्हणजे सुमारे ७२ टक्के. तोच फिल्टर जर अशा ठिकाणी बसवला की जेथे १००० पैकी ५०० संदेश स्पॅम आहेत, तर ४७५ स्पॅम आणि केवळ २५ चांगले संदेश अडतील, आणि चुकीने अडलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांवर येईल. फिल्टरमध्ये काहीही बदललेले नाही, आजूबाजूची परिस्थिती तेवढी बदलली आहे. म्हणूनच जगभरच्या ईमेलसाठी योग्य ठरणारी कडक शिस्त एखाद्या लहान, परस्परांना ओळखणाऱ्या समूहाला तशीच लावणे शास्त्रीय दृष्ट्याही चुकीचे ठरते.

भाषेचा प्रश्न मला यात विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची झळ आपल्यालाच लागते. आपला तरुण बागायतदार मालवणीत ‘मोहराक फुलकिडे लागलेत, काय फवारूचा?’ असे विचारतो आणि खाली लिंक देतो. प्रमाण मराठीवर शिकवलेल्या फिल्टरने ‘मोहराक’ किंवा ‘फवारूचा’ हे शब्द कधी पाहिलेले नसतात, त्यामुळे त्यांना काहीच वजन मिळत नाही. त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकले असते ते सगळे शब्द अशा रीतीने मुके होतात आणि निर्णय केवळ लिंक व नवा नंबर या दोन गोष्टींवर होतो. लेखनातही एक अडचण आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो, एक नुक्ता असलेल्या ऱ ने आणि दुसरा साध्या र नंतर एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, आणि एकाच शब्दाचा अनुभव दोन खात्यांत विभागला जातो. स्पॅम पाठवणारे अशीच न दिसणारी चिन्हे शब्दांच्या मध्ये मुद्दाम पेरून फिल्टरला चकवतात. मोजणीपूर्वी सर्व रूपे एकसारखी करून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे, आणि मराठीसाठी साधने तयार करणाऱ्यांनी तो टाळता कामा नये.

फिल्टर यंत्राचा असो वा अ‍ॅडमिनच्या मनातला, त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. निसटलेला स्पॅम सर्वांना दिसतो. चार जण तक्रार करतात आणि तो काढला जातो. चुकीने अडवलेला नवखा मात्र कोणालाच दिसत नाही. तो तक्रार करत नाही, कारण तक्रार करण्यासाठी आत असावे लागते. तो निमूटपणे निघून जातो, आणि ग्रुप शांत झाल्याचे पाहून अ‍ॅडमिनला आपली कडक शिस्त यशस्वी झाली असे वाटते. यंत्राच्या बाबतीतही तसेच घडते: ज्यांना आत येऊ दिले त्यांचे पुढे काय झाले, एवढेच फिल्टरला शिकायला मिळते, आणि ज्यांना अडवले ते चांगले निघाले असते का, याचा पुरावा कधी जमाच होत नाही. अशा एकतर्फी माहितीवर शिकणारी यंत्रणा हळूहळू अधिक संशयी होत जाऊ शकते आणि तिची आकडेवारी मात्र सुधारत असल्याचे दाखवू शकते.

हे केवळ तर्कापुरते राहिलेले नाही. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोहोचली आणि नंतर घटू लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, सद्‌हेतूने येणाऱ्या नवख्यांचे प्रमाण फारसे बदललेले नव्हते, परंतु त्यांची पहिलीवहिली भर उडवून लावली जाण्याचे प्रमाण वाढले होते, आणि त्या कामात खोडसाळपणा रोखण्यासाठी बनवलेल्या अर्धस्वयंचलित साधनांचा वाटा वाढत गेला होता. साधने आपले काम चोख करत होती. पण ज्याला कोणी ‘बाबा रे, संदर्भ असा जोडतात’ असे सांगितले असते, त्याला छापील इशारा मिळाला आणि तो परत आला नाही.

या अडचणीवर विकिपीडियावर जे उपाय झाले, ते अभ्यासण्यासारखे आहेत. खोडसाळपणा उलटवणाऱ्या तेथील एका यंत्रासाठी निर्दोष संपादने चुकीने किती अडली तर चालतील, ही मर्यादा आधी ठरवली जाते, आणि त्या मर्यादेत जेवढा खोडसाळपणा पकडता येईल तेवढाच पकडला जातो. उरलेला माणसांवर सोडला जातो. २०१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका यंत्रणेत तर दोन स्वतंत्र प्रश्न विचारले गेले: या बदलामुळे लेखाचे नुकसान होते आहे का, आणि तो करणाऱ्याचा हेतू चांगला दिसतो का? नुकसान होते पण हेतू चांगला आहे, अशा चौकटीत सापडणारा माणूस म्हणजेच आपला अस्पष्ट फोटो टाकणारा तरुण होय. त्याला अडवायचे नसते, शिकवायचे असते. नवख्यांना निःसंकोच प्रश्न विचारता यावेत म्हणून २०१२ मध्ये ‘टीहाउस’ नावाची वेगळी जागा तेथे सुरू झाली, आणि तिचे निमंत्रण मिळालेले नवखे पुढे अधिक टिकतात, असे नंतरच्या अभ्यासात दिसले.

अडवण्याऐवजी थांबवणे हाही एक परिणामकारक मार्ग आहे. २००३ मध्ये ईमेलसाठी सुचवल्या गेलेल्या एका पद्धतीत अनोळखी प्रेषकाचा पहिला संदेश सर्व्हर, म्हणजे ईमेलची ने-आण करणारा संगणक, तात्पुरता नाकारतो आणि ‘थोड्या वेळाने पुन्हा पाठवा’ असे कळवतो. प्रामाणिक सर्व्हर नियमाप्रमाणे पुन्हा पाठवतो. कोट्यवधींच्या मागे लागलेल्या त्या काळच्या स्पॅम यंत्रणेला परत फिरून यायला सवड नसे. मजकुराकडे न पाहता केवळ थोड्या विलंबाने दोघे वेगळे होत असत. इंग्रजी विकिपीडियावरील काही संरक्षित लेखांत खाते चार दिवस जुने आणि किमान दहा संपादने झालेले असल्यावरच बदल करता येतो, त्यामागेही हाच विचार आहे. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरवले. त्यानंतर असे संदेश पुढे जाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. या सर्व उपायांत माणूस कोण आहे याची झडती नाही. त्याच्या वेगाला आणि संख्येला तेवढा लगाम आहे.

कोकणातल्या ग्रुपांना ओळखीचा एक जुना मार्ग उपलब्ध आहे. ‘तू कोणाचो?’ या प्रश्नाच्या उत्तरात गाव, वाडी आणि घर येते, आणि आतल्या कोणी तरी ‘होय, हा आमचाच’ असे म्हटले की काम होते. खातरजमा करण्याची ही रीत उत्तम आहे, पण तिच्यावरच सगळी भिस्त ठेवली तर एक मोठा वर्ग बाहेर राहतो. आज अनेक बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळहून आलेले कामगार असतात. झाडाखाली राहणारा आणि कीड सर्वांत आधी पाहणारा माणूस तोच असतो. त्याच्यासाठी ग्वाही देणारे कोणी नसते आणि तो हिंदीत लिहितो. म्हणून अशा ग्रुपांनी नवख्यांसाठी वेगळा प्रवेश-ग्रुप ठेवावा, तेथे पहिले काही दिवस फाइल आणि लिंक टाकू नये एवढाच नियम सांगावा, आणि जुन्या सदस्यांपैकी कोणी तरी पाळीपाळीने तेथे उत्तरे द्यावीत, असे मला मनापासून वाटते. ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय चोवीस तासांसाठी ठीक आहे. कायमची केली तर ग्रुपाची सूचनापाटी होते आणि कीड प्रथम कोणाच्या बागेत दिसली हे कळण्याची वाट बंद होते. त्याचबरोबर, अडवलेल्या नंबरांची एक वही ठेवावी आणि त्यांतील काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडल्याप्रमाणे, प्रत्यक्ष फोन करून पाहावा. न दिसणारी चूक मोजण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

शेवटी एक गोष्ट नोंदवायची आहे, कारण ती नव्या नंबरांवरच्या साऱ्या संशयाला छेद देते. वर उल्लेखलेली एपीके फाइल एकदा कोणाच्या फोनमध्ये बसली, की ती पुष्कळदा त्याच्याच खात्यावरून, त्याच्याच ग्रुपांत पुढे पाठवली जाते. म्हणजे सर्वांत घातक संदेश दहा वर्षे ओळखीच्या असलेल्या, प्रत्येक जण डोळे झाकून उघडेल अशा नंबरावरून येऊ शकतो. म्हणून एपीके फाइल न उघडण्याचा नियम जुन्यानव्या सर्वांना सारखाच लागू हवा. ओळखीच्या नंबरावरून ती आली तर ग्रुपातील संदेश लगेच काढावा, त्या सदस्याला साधा फोन करून कळवावे, त्याला तात्पुरते बाहेर ठेवले असल्यास त्याचे कारण ग्रुपात स्पष्ट लिहावे आणि फोन स्वच्छ झाल्यावर परत घ्यावे. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.