डाबोळी आणि मोपा: टर्मिनल सोडा, धावपट्टी कोणाची ते बघा

गोव्यात दोन विमानतळ आहेत हे कुडाळ-सावंतवाडीकडच्या कुणाला सांगायला नको. डाबोळी वास्कोजवळ, मोपा पेडण्यात. तिकिटावर जीओआय असेल तर डाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा, एवढं बघा म्हणजे उगाच टॅक्सीवाल्याची धन होत नाही.

घोळ होतो तो वेगळीकडेच. डाबोळीला सकाळची विमानं कमी का, असं कोणी विचारलं की लगेच दहा जण एअरपोर्ट अथॉरिटीला शिव्या घालतात, टर्मिनल वाढवा म्हणतात. अहो, २०१३ मध्ये नवं टर्मिनल झालं ना, म्हणून काय सकाळ मोकळी झाली? डाबोळी मुळात आयएनएस हंसा, नौदलाचा तळ. धावपट्टी त्यांची, एटीसी (विमानांना उतरायची-उडायची परवानगी देणारं नियंत्रण) त्यांचं, अथॉरिटीकडे फक्त सिव्हिल एन्क्लेव्ह, म्हणजे टर्मिनल आणि विमानं लावायची जागा. भाड्याच्या घरात हॉल कितीही सजवा, फाटकाची चावी मालकाकडेच. सोमवार ते शुक्रवार साधारण साडेआठ ते एक हा वेळ वर्षानुवर्षं नौदलाच्या सरावाचा, त्यांची मिग-२९के लढाऊ विमानं तिथेच असतात, त्यामुळे प्रवासी विमानं उरलेल्या वेळात दाटीवाटीने येणार आणि गर्दी झाली की वर घिरट्या घालत इंधन जाळणार. यात विमान कंपनीचा आळस वगैरे काही नाही.

मोपा पहिल्यापासून नागरी, धावपट्टीसकट. ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू, सकाळी सरावासाठी थांबायची भानगड नाही. पण म्हणून लगेच "मोपा ग्रीन" म्हणू नका, मला त्याचा फार राग येतो. झाडं तोडण्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१९ मध्ये पर्यावरण परवानगी थांबली आणि जानेवारी २०२० मध्ये सुटली ती झीरो कार्बनचं आश्वासन नोंदवून घेऊन, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला देखरेखीला ठेवून. आता हे झीरो कार्बन म्हणजे विमानतळाची स्वतःची वीज, गाड्या, दिवे, हवेत विमान जाळतं ते इंधन नव्हे. (मुंबईला खरंच कमी धुरात जायचं असेल तर कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेची झालीय, गणपतीत तिकीट मिळालं तर.)

आणि "नौदलाला हटवा"वाल्यांना एकच विचारायचंय, हटवून नेणार कुठे? दुसरा सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, सपाट करूनच ना? डाबोळीला निदान एकाच पट्टीवर लढाऊ विमानं आणि टुरिस्ट दोघांचं भागतं. मला तर दोन्ही चालू राहिलेलेच बरे वाटतात.

रत्नागिरीकरांनी हे जास्त लक्षात घ्यावं. २०२१ मध्ये सिंधुदुर्गात चिपीचा नागरी विमानतळ झाला तसाच आपला होणार असं सगळे धरून चाललेत, पण रत्नागिरीची धावपट्टी कोस्ट गार्डकडे, म्हणजे गोत्र डाबोळीचं. टर्मिनलचं उद्घाटन कधी हे प्रत्येक नेत्याला विचारून झालं असेल तर आता कोस्ट गार्ड कुठले तास सोडणार तेही विचारा.