आयबीएस आणि आहार : बेळगाव सीमाभाग

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, व्यवहारात आयबीएस, हा आतड्याच्या कामकाजातला दीर्घकाळ चालणारा बिघाड आहे. पोटात मुरडा येतो, गुबारा धरतो, शौचाचा नेम आणि स्वरूप बदलते. कोणाला जुलाब, कोणाला बद्धकोष्ठ, तर कोणाला आलटून पालटून दोन्ही. तपासण्यांत आतड्याला जखम, सूज किंवा गाठ सापडत नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाला लावून घेऊ नका’ असे ऐकून रुग्ण घरी परततो. हे बोलणे अन्यायाचे आहे. दुखणे खरे असते. आतडे आणि मेंदू यांच्यातला संदेशव्यवहार बिघडलेला असतो आणि इतरांना जाणवतही नाही एवढा वायू अशा रुग्णाला असह्य होतो. जोराच्या जुलाब-उलट्यांनंतर साधारण दहातल्या एकाला हा त्रास मागे उरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत त्यावर आहाराने ताबा कसा ठेवता येतो, याची ही नोंद.

आहार बदलण्याआधी निदान हवे. 2016 च्या रोम-4 निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी हवी, त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी आणि दुखण्याचा शौचाशी, त्याच्या वारंवारतेशी किंवा स्वरूपाशी संबंध हवा. शौचाशी असलेल्या या तीन संबंधांपैकी किमान दोन जुळावे लागतात. शौचातून रक्त, विनाकारण घटणारे वजन, ताप, पंडुरोग, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला त्रास असेल, तर आयबीएस म्हणून गप्प बसू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही असाच सुरू होऊ शकतो. गव्हाची पोळी बंद करण्याआधी सीलिॲक रोगाची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी करून घ्यावी. गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी ठरते. जंताच्या आणि आमांशाच्या गोळ्या वर्षानुवर्षे स्वतःच घेत राहणे हा आपल्या भागातला जुना रोग आहे आणि त्याने आयबीएस बरा होत नाही.

पहिली पायरी साधी आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2008 च्या मार्गदर्शनात जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, जेवण चुकवू नका, सावकाश चावून खा, दिवसात किमान आठ कप पातळ पदार्थ घ्या, चहा-कॉफी तीन कपांवर थांबवा आणि फळे दिवसाला तीन वाट्यांपर्यंत ठेवा, असे सांगितले आहे. पाहुणा आला की चहा, दुकानात बसलो की चहा, शेतावरून आलो की चहा, अशा आपल्या रीतीत तीन कपांची मर्यादा पाळणे हीच मोठी कसोटी असते. त्या चहातले दूध वेगळे मोजावे लागते, ते पुढे येईल.

एवढ्याने भागले नाही तर दुसरी पायरी. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 साली फॉडमॅप ही संज्ञा मांडली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, पण जिवाणूंना सहज आंबवता येणाऱ्या काही शर्करांचे हे एकत्रित नाव आहे. त्या आतड्यात पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात वायू करतात. त्या कमी केल्या की निम्म्याहून अधिक रुग्णांना उतार पडतो. या शर्करा आपल्या घरात नेमक्या कुठे आहेत, हे मेलबर्नच्या यादीत शोधून सापडत नाही. ते स्वयंपाकघरातल्या डब्यांतच शोधावे लागते.

सर्वांत मोठा डबा चटणीचा. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी म्हणून संकेश्वरी किंवा ब्याडगी मिरची, सुके खोबरे, धणे, तीळ, खसखस आणि गरम मसाल्याबरोबर कांदा चिरून, वाळवून-तळून आणि भरपूर लसूण घालून ही चटणी डंकावर कुटून आणतात. रोजच्या आमटी, भाजी, रश्शात तीच पडते. कांदा-लसणात फ्रुक्टन ही फॉडमॅपपैकीच एक शर्करा असते, आणि कांदा वाळवला की पाणी जाऊन ते वजनाच्या मानाने एकवटते. म्हणून घरात ‘कांदा बंद’ केला, तरी चटणीचा चमचा पडतच राहतो आणि रुग्ण बुचकळ्यात पडतो. यावर एक उपाय आहे. मसाला कुटताना कांदा-लसूण मिसळण्याआधीच एक वेगळा डबा काढून ठेवावा: मिरची, धणे, खोबरे, तीळ आणि मसाला एवढाच. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे फोडणीत सोललेल्या अख्ख्या पाकळ्या परतून बाहेर काढल्या, तर तेलात वास उतरतो, त्रास उतरत नाही. मात्र असे तेल लगेच वापरावे, भरून ठेवू नये. पाकळ्या काढण्याआधी पाणी घातले की सगळे वाया जाते. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही चालतो.

मिरचीत फॉडमॅप फारसे नसते, पण तिच्यातले कॅप्सेसिन आतड्यातल्या वेदनाग्राही टोकांना डिवचते. जास्त तिखट संकेश्वरीऐवजी सौम्य ब्याडगी वापरली की रंगही राहतो.

चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे आणि या भागातील जैन कुटुंबे हिंगाच्या फोडणीवर उत्तम स्वयंपाक करतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये: त्याच ताटात डाळी आणि दूध भरपूर असते, आणि बाजारच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. सीलिॲकच्या रुग्णाने हिंगाचे लेबल वाचावे.

पोळी-भाकरीच्या बाबतीत सीमाभाग सुदैवी आहे. अथणी-सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीत जोंधळा, खानापूरच्या पावसाळी डोंगरपट्ट्यात भात. दोन्ही धान्ये ग्लुटेनरहित आणि कमी फॉडमॅपची, तर गव्हात फ्रुक्टन आहे. शहरात आल्यावर चपाती ही प्रतिष्ठेची आणि भाकरी गावठी, अशी समजूत घट्ट झाली आणि तिने अनेकांच्या पोटाचे नुकसान केले. जोंधळ्याची भाकरी, दोडक्याची किंवा वांग्याची भाजी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि भात, एवढे ताट बहुतेक रुग्णांना मानवते.

डाळी आणि कडधान्यांत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड असतात. राजमा, वाटाणा, हरभरा यांचा त्रास अधिक. मुगाची डाळ थोड्या प्रमाणात पचते. रात्रभर भिजवून, पाणी ओतून, मोड आणून शिजवल्यास या शर्करा कमी होतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्नाटकी बेंदराला किंवा होळीला पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून जे पाणी काढतात, त्या येळवणीत याच शर्करा उतरलेल्या असतात. पोळी टाळून येळवणीची आमटी ओरपणारा माणूस म्हणूनच रात्रभर तळमळतो. सणाला अर्धी पोळी तुपाबरोबर आणि आमटीचा एखादा घोट, ही मर्यादा बऱ्याच जणांना झेपते.

दुधातले लॅक्टोज दक्षिण भारतात अनेक प्रौढांना पचत नाही. बेळगावचा कुंदा खव्याचा, म्हणजे आटवलेल्या दुधाचा. त्यात लॅक्टोजही आटून आलेले असते. गोकाकच्या करदंटात काजू असतात, आणि काजू फॉडमॅपने भरलेले. दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज कमी, तुपात जवळजवळ नसतेच. आंबा, सीताफळ, कलिंगड, सफरचंद जपून. पपई, संत्रे, कडक केळे बरे.

हा कडक आहार दोन ते सहा आठवडेच पाळायचा असतो. ही अट सर्रास मोडली जाते. उतार पडला की लोक तोच आहार वर्षभर चालू ठेवतात. वजन घटते, आतड्यातले उपयोगी जिवाणू उपाशी राहतात. खरे तर ते दोन ते सहा आठवडे संपले की एकेक गट परत आणून पाहायचा: तीन दिवस थोडा थोडा वाढवत दूध, मग काही दिवस थांबून गहू, मग कांदा, मग लसूण. जे मानवले ते कायम ताटात ठेवायचे. बहुतेकांना सगळेच वर्ज्य करावे लागत नाही.

बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल भरपूर पाण्यासोबत, थोडे थोडे वाढवत घ्यावे. गव्हाचा कोंडा टाळावा, त्याने गुबारा वाढतो. पोट फुगण्यावर नाइसच्या मार्गदर्शनात दिवसाला चमचाभर जवस सुचवले आहे. आपल्या घरांत जवसाची चटणी आहेच, फक्त लसूण वगळून कुटावी. एकादशीला दिवसभर पोट रिकामे ठेवून रात्री साबुदाण्याची भरपेट खिचडी खाल्ली की अनेकांना त्रास उसळतो. वऱ्याचे तांदूळ थोडे थोडे दोन-तीनदा खाल्ले, तर उपवासही होतो.

गरोदर बाई, वाढती मुले, वजन आधीच कमी असलेली माणसे आणि जेवणाची धास्ती घेतलेली माणसे यांनी हा आहार डॉक्टर व आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये. बाकीच्यांनीही काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि पोट कसे राहिले हे वहीत लिहून ती वही दाखवायला न्यावी. तपासायला फारसा वेळ नसलेल्या डॉक्टरांनाही तिच्यातून दुखण्याचा माग लागतो.