ल्युसर्नचा लाकडी पूल: निघण्याआधी आमच्या प्रवाशांनी वाचावं असं

युरोप सहलीच्या प्रत्येक गटात स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न जवळ आलं की बसमध्ये एक प्रश्न येतोच: "तो पूल जळला होता ना? मग आपण बघणार ते नवीनच की!" आणि ल्युसर्नहून निघायच्या वेळी एक फोन येतो: "आम्ही केव्हाचे पुलापाशी उभे आहोत, तुम्ही कुठे आहात?" या दोन्हींची उत्तरं दर वेळी माइकवर देऊन घसा बसतो, म्हणून हे पत्रक. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते, ती आधी.

ल्युसर्नमध्ये छपराचे जुने लाकडी पूल दोन आहेत. कार्यक्रमपत्रिकेत 'चॅपल ब्रिज' लिहिलंय तो कापेलब्र्युके, तळ्यातून रॉइस नदी बाहेर पडते तिथला, तिरका गेलेला. प्रवाहाबरोबर थोडं खाली गेलं की दुसरा, श्प्रॉयरब्र्युके. दोन्हींवर छप्पर, दोन्हींत छपराखाली त्रिकोणी चित्रं. मंडळी पहिला पूल बघतात, दुकानं न्याहाळत काठाकाठाने पुढे जातात आणि वेळ झाली की समोर दिसेल त्या लाकडी पुलावर जाऊन थांबतात. एक काका-काकू असेच चाळीस मिनिटं उभे होते. काका फोनवर ठाम: "अहो, पुलावरच आहोत, चित्रंसुद्धा दिसताहेत!" चित्रांत काय आहे, असं मी विचारलं. मागून काकूंचा आवाज आला, "सांगाडे आहेत हो सगळीकडे!"

तर सांगाडे दिसले की पूल चुकला. श्प्रॉयरब्र्युकेवर कास्पार मेग्लिंगरने 1626 ते 1635 या काळात मृत्यूचं नृत्य रंगवलं आहे. थोरामोठ्यांपासून साध्यासुध्या माणसांपर्यंत सगळ्यांना सांगाडे न्यायला आलेत. हा पूलही सुरेख आहे, जरूर बघा, फक्त तिथे आमची वाट बघू नका. चॅपल ब्रिजवरची चित्रं हान्स हाइनरिख वेगमानची, 17व्या शतकातली. त्यांत स्वित्झर्लंडचा इतिहास आहे आणि गावाचे राखणदार संत लेओडेगार व संत मॉरिस यांच्या कथा आहेत.

चित्रं ओळखता आली नाहीत तरी पाणी ओळखता येतं. नदीच्या प्रवाहाच्या उलट, तळ्याच्या दिशेने चालत राहा. मध्ये बिनछपराचे दोन पूल लागतील, ते सोडा. पाण्यात उभा अष्टकोनी दगडी बुरूज दिसला की पोहोचलात.

आणखी एक. "पुलाच्या टोकाशी भेटू" असं आपापसांतही ठरवू नका, टोकं दोन आहेत आणि नदीच्या दोन वेगळ्या काठांवर आहेत. आपली भेटण्याची जागा एकच: उत्तर काठावरच्या सेंट पीटर चॅपलचं दार. याच चॅपलवरून पुलाला नाव पडलं. बस जवळच्या श्वानेनप्लाट्झ चौकात येते, पण चढण्या-उतरण्यापुरतीच थांबते. दोघं राहिले तर बस निघून जाते आणि फेरी मारून येते. शिवाय युरोपात ड्रायव्हरच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे इथे गेलेला वेळ पुढच्या ठिकाणातूनच कापला जातो.

"मग झेंडा घेऊन रांगेने का नेत नाही?" असंही विचारतात. नेता येईल. पण साधारण 205 मीटरचा पूल रांगेत चार मिनिटांत संपतो, फोटो निघतो आणि उरलेला वेळ घड्याळांच्या दुकानात जातो. अशा सहली पुष्कळ आहेत. आम्ही दीड तास मोकळा देतो, तो लोकांनी मान वर करून चित्रं बघावीत म्हणून.

आता जळण्याचं. 18 ऑगस्ट 1993 च्या मध्यरात्रीनंतर पुलाला आग लागली. खाली बांधलेल्या बोटीतून ती वर चढली असं मानतात. कुणाच्या तरी सिगारेटचा संशय होता. मधला बराच भाग गेला आणि जवळपास दोन तृतीयांश चित्रं गेली. दोन्ही टोकांकडचे भाग वाचले, बुरूजही वाचला. गावाने जुन्या धाटणीतच पूल पुन्हा बांधला आणि 14 एप्रिल 1994 ला, म्हणजे आठ महिन्यांच्या आत, तो खुला केला. खर्च सुमारे 34 लाख स्विस फ्रँक. चित्रांची भरपाई मात्र तशी होणार नव्हती. चालताना छपराखाली काही त्रिकोण रिकामे दिसतील, "इथलं चित्र कुठाय?" असं गाइडला विचारलंत तर उत्तर हेच.

तेव्हा नवा की जुना? पाण्यावरच्या लाकडी पुलाची लाकडं बदलावीच लागतात, ती आगीआधीही बदलत आली होती. कौलं आणि वासे बदलले म्हणून आजोबांचा वाडा आपण नवा म्हणत नाही. बांधकामाचं साल पूर्वी 1333 सांगत; लाकडातली वर्तुळं मोजल्यावर ते 1365 च्या आसपास आलं. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन सालं दिसली तर गाइडशी वाद नको. मूळ पूल 270 मीटरहून लांब होता. 19व्या शतकात काठावर भराव पडत गेला आणि पूल आखूड झाला.

बुरुजाला वासरटुर्म म्हणतात, म्हणजे पाण्यातला बुरूज. वर पाण्याची टाकी नाही, हे दर गटाला सांगावं लागतं. तो पुलापेक्षाही जुना, 1300 च्या सुमाराचा. पूल आणि बुरूज दोन्ही गावाच्या तटबंदीचा भाग होते. बुरुजात कैदी ठेवले, खजिना ठेवला, दफ्तरही ठेवलं. आत प्रवेश नाही, तेव्हा तिकीट शोधत फिरू नका.

आमच्या गटात पुलावर सिगारेट चालत नाही. यावर चर्चा नाही.

दुपारी पुलावर इतकी गर्दी असते की थांबून वर बघणं अवघड होतं. ज्या सहलींत ल्युसर्नचा मुक्काम आहे, त्यांत सकाळी नाश्त्याआधी गाइड इच्छुकांना पुलावर नेतो, वेगळे पैसे नाहीत. आदल्या रात्री जेवताना नाव सांगा, बूट घालून साडेसहाला लॉबीत या.