नेट लागत नाही की टिकत नाही?

हे सगळं डायल-अप नेटबद्दल, म्हणजे ब्रॉडबँडच्या आधीचं, मोडेम नावाच्या डब्याने टेलिफोनच्या तारेवरून नंबर लावून घ्यायचं नेट. त्यात ‘नेट चालत नाही’ ही पुरी तक्रार नव्हे. लागतच नाही की लागून तुटतं, हे आधी सांगायला हवं. दोन्हीची कारणं वेगळ्या ठिकाणी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत पावसाळ्यात लोक तुटणाऱ्या नेटसाठी पासवर्ड बदलायचे, कनेक्शन पुसून नवीन करायचे, शेवटी विंडोजही परत टाकून घ्यायचे. दोष असायचा बाहेर पोफळीला बांधलेल्या तारेच्या जोडात, आणि तो तिथेच राहायचा.

न लागणाऱ्या नेटबद्दल फार सांगायला नको. स्क्रीनवरचा आकडाच कारण सांगतो: ६७६ म्हणजे पलीकडचा नंबर बिझी, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही, ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला, ६८० म्हणजे मोडेमला डायल टोन मिळाला नाही. फोनवर टोन ऐकू येत असूनही ६८० येत असेल, तर वायर मोडेमच्या ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत आहे ना, ते बघा. मग मोडेमच्या सेटिंगमधली ‘डायल करण्याआधी टोनची वाट पाहा’ ही खूण काढा. आता नंबर लागला तर मोडेम धड आहे, त्याला फक्त टोन ओळखता येत नाही. तरीही लागला नाही आणि नुकताच वळीव गडगडून गेला असेल, तर मोडेमची लाइनकडची बाजू जळली असण्याचाच संभव जास्त. वीज टेलिफोनच्या तारेतूनही शिरते. नुसता पॉवरचा प्लग काढून मोडेम वाचत नाही, फोनची वायरही काढावी लागते.

आता तुटणारं नेट. एकदा पान उघडलं म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, खातं चालू आहे, मोडेमचा ड्रायव्हर (तो चालवणारा प्रोग्राम) बसलेला आहे. तिकडे परत बघूच नका. कागद घ्या आणि लागल्याची व तुटल्याची वेळ लिहा, निदान दहा वेळा. दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी तुटत असेल, तर कोणीतरी ठरवून तोडतंय: संगणकातली ‘२० मिनिटं काम नसेल तर तोडा’ ही सूचना, नाहीतर सेवा देणाऱ्याने घातलेली मर्यादा. माजघरातला पॅरलल फोन कोणी उचलला, किंवा कॉल वेटिंगची पिप वाजली, तरी तुटतं. कॉल वेटिंग बंदच करून घ्या. वेळी-अवेळी तुटत असेल, त्यातही पाऊस पडून गेल्यावर किंवा पहाटेच्या दवात जास्त, तर लाइनवरच संशय घ्यायचा.

इथे हमखास उत्तर येतं, ‘पण फोन तर छान चालतो!’ सगळा घोळ या एका वाक्यात आहे. माणसाचा कान फार उदार असतो. बोलताना मध्येच ‘टक्’ झालं तर तो पुढचं-मागचं जुळवून शब्द पुरा करतो. मोडेमला तसं जमत नाही. लागताना जो चिरका आवाज येतो, त्यात दोन्हीकडचे मोडेम लाइन मोजून वेग ठरवतात. समजा सेकंदाला ४९,३३३ बिट ठरला, तर तो त्या क्षणीच्या लाइनला झेपणारा वेग. पाच मिनिटांनी खरखर वाढली की बिघडलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागतात, पान रेंगाळतं. आणखी वाढली की दोघं काम थांबवून लाइन परत मोजतात, पान गोठतं. तेही जमलं नाही की कॅरियर (दोन मोडेमना जोडून ठेवणारा सततचा सूर) जातो आणि नेट तुटतं. म्हणून बोलण्याला उत्तम असलेली लाइन नेटला कुचकामी असू शकते. (संगणक ‘१,१५,२००’ दाखवतो तो संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग. त्याचा लाइनशी संबंध नाही, त्यावर खूश होऊ नका.)

लाइन ऐकायचीही रीत आहे. फोन उचलून कोणताही एक आकडा दाबा, टोन थांबेल. त्या शांततेत थोडा वेळ कान द्या. कुरकुर, टकटक म्हणजे सैल किंवा गंजलेला जोड. सतत ‘हम्म’ म्हणजे एक तार कुठेतरी ओल्या जांभ्याच्या भिंतीला लागून जमिनीला मिळतेय, किंवा फोनची वायर विजेच्या वायरीला चिकटून गेलीय. आणखी एक नेमकी खूण: रिंग येऊन गेली की खरखर थोडा वेळ थांबते. रिंगचा दाब ७५ व्होल्टच्या आसपास असतो, तो जोडावरचा गंजाचा पापुद्रा तात्पुरता फोडतो. असं होत असेल तर जोडच खराब, दुसरं काही शोधू नका.

मग दोष कुणाच्या हद्दीत आहे ते ठरवा. बाहेरची वायर घरात शिरते त्या रोझेटवरून (भिंतीवरच्या जोडणीच्या डबीवरून) आतली सगळी वायर सोडवा आणि एकच साधा फोन थेट तिथे जोडून ऐका. खरखर गेली तर दोष घरात: पॅरलल फोन, कॉलर आयडीचा डबा, पडवीतून फिरवलेली जुनी वायर. मोडेमसाठी रोझेटपासून एकच सलग वायर ओढा, मध्ये जोड नको. खरखर राहिली तर दोष खांबावरच्या डीपीपासून (तारा वाटणाऱ्या पेटीपासून) घरापर्यंतच्या वायरीत किंवा त्याही पलीकडे. हाताने पिळून टेप गुंडाळलेला जोड आपल्या खाऱ्या हवेत टिकत नाही, तांबं हिरवं पडतं. तिथे जेली भरलेला कनेक्टर हवा, आणि शक्य असेल तर वायरच बिनजोडाची.

१९८ या टेलिफोन तक्रारीच्या नंबरवर तक्रार देताना ‘नेट तुटतं’ म्हणू नका. ‘फोनवर खरखर आहे, पाऊस झाला की वाढते’ असंच सांगा. लाइनमन येतो अकरा वाजता, कोरड्या उन्हात, तेव्हा लाइन स्वच्छ असते. वेळा लिहिलेला कागद त्याच्या हातात द्या आणि कोणता जोड उघडायचा तोही दाखवा.

जोड दुरुस्त होईपर्यंत दोन गोष्टी करता येतात. मोडेमच्या जादा कमांडमध्ये एस-१० (S10) या सेटिंगची किंमत ५० ठेवा. बहुतेक मोडेममध्ये ती १४ असते, म्हणजे १.४ सेकंद कॅरियर गेला की फोन ठेवला जातो. ५० केली की ५ सेकंद थांबेल. शिवाय मोडेमच्या पुस्तिकेत बघून व्ही-९० ही वेगवान पद्धत बंद करा आणि जुन्या, सावकाश व्ही-३४ वर चालवा. कमाल वेग ३३,६०० वर येतो, पण तासभर टिकणारे ३१,२०० हे दर चार मिनिटांनी तुटणाऱ्या ४९,३३३ पेक्षा केव्हाही बरे. जोड बदलून झाला की व्ही-९० परत चालू करायला विसरू नका.