‘अभिषिक्ताला हात लावू नका’: हे वचन कोणासाठी?

‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका’ या बायबलमधल्या वचनाच्या आधारे मंडळीच्या (चर्चच्या) पुढाऱ्याला प्रश्न विचारू नये, असा फॉरवर्ड वर्षानुवर्षे फिरतो. वचन खरे आहे, अर्थ मात्र उलटा लागतो.

स्तोत्रसंहिता १०५ काढा आणि १५वी ओवी एकटी न वाचता १२पासून वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे मूठभर, परमुलखात भटकणारे इस्राएलचे पूर्वज. दटावणी आहे ती राजांना, म्हणजे सत्ताधाऱ्यांनाच!

शौल राजा जिवावर उठला असतानाही, तो अभिषिक्त म्हणून दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही, हेही सांगतात. पण त्याच अध्यायात (१ शमुवेल २४) दावीद शौलाला हाक मारून, तोंडावर जाब विचारतो.

आता संदेष्टा यहेज्केलाच्या पुस्तकातले ३४:२-१०. मेंढपाळ, म्हणजे लोकांचे पुढारी, चरबी खातात, लोकर पांघरतात. दुबळ्याला बळ नाही, जखमीला पट्टी नाही. देव त्यांच्याकडून हिशेब मागतो आणि राखणीचे कामच काढून घेतो.